जायफळाचा आळ

वाघमोडे मॅडमच्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जण खोटं बोलले. म्हणे मॅडम मायाळू होत्या. म्हणे त्यांच्या मनात कुणाविषयी काही राहत नसे. एका पोरसवदा डॉक्टरनं, ज्यानं मॅडमबरोबर उभ्या आयुष्यात चार केसेस केल्या असतील, डोळे पुसत सांगितलं की मॅडमनी जाताना सगळ्यांना माफ केलं. मी मागच्या रांगेत बसून ओठ चावत होते. माफ? त्या बाईनं एका चहावाल्याला नऊ वर्षं माफ केलं नाही, तिथं बाकीच्यांचं काय घेऊन बसलाय.

मेलेल्या माणसाला गोड करून ठेवायची आपल्याकडं रीतच आहे. मॅडम गोड नव्हत्या. मॅडम डूख धरायच्या, आणि धरला की सोडायच्या नाहीत. त्यांनी मलाही माफ केलं नाही. हे मला चारचौघांत सांगायचं होतं, पण सभा संपली, लोक वडापावकडं वळले आणि माझं तोंड पुन्हा एकदा मिटलेलंच राहिलं. म्हणून हे लिहायला बसले.

मी मंगल. बाप होटगी स्टेशनवर गँगमन होता. मी सोलापुरात एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून वीस वर्षं काढली. हॉस्पिटल ज्याचं, तो कान-नाक-घशाचा सर्जन. त्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्याला बरं वाटेल. आम्ही सगळे त्याला साहेब म्हणायचो. तेवढं एक राहू दे, पण अहो-जाहो मात्र इथून पुढं करणार नाही. आणि मॅडम तिथं भूल द्यायच्या.

दिसायला म्हणाल तर बुटक्या, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा. गाव माळशिरसकडचं, घर मेंढपाळांचं. खांद्याला घोंगडीच्या तुकड्याची शिवलेली पिशवी, तिच्यात बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं स्वतःचं यंत्र. हॉस्पिटलच्या यंत्रावर त्यांचा भरवसा नव्हता. जुनी स्कूटर, आणि डोक्यावरचं हेल्मेट वॉर्डात शिरेपर्यंत काढायच्या नाहीत. नवी पेशंट मंडळी दचकायची. एका आजीनं तर मला हळूच विचारलं होतं, "ह्या पोलिसातल्या का ओ?"

चहावाल्याचं सांगते. एकदा तो ट्रे घेऊन वर आला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमचा चहा. बाई, हा तुमचा." मॅडमनी कप उचलला, पुन्हा ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "बाईला नकोय. डॉक्टरला पायजे का ते इचार." बिचाऱ्याला कळलंही नाही काय झालं ते. पुढं कळलं तेव्हा तो रोज आलं घातलेला स्पेशल कप आणायचा, "डॉक्टर मॅडम, डॉक्टर मॅडम" करायचा. त्या "ठेव" म्हणायच्या आणि तो चहा मला प्यायला लावायच्या. नऊ वर्षं त्यांच्या वाटणीचा चहा मी प्याले. मधे त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मॅडमनी त्याच्या पाठीत सुई दिली, दोन तास त्याच्या उशाशी बसल्या, त्याला घाम आला तर स्वतः पुसला. मला वाटलं, चला, मिटलं. दुसऱ्या दिवशी कप तसाच. मी म्हटलं, "मॅडम, आता तरी." तर म्हणाल्या, "भूल देणं माझं काम हाय. चहा पिणं माझी मर्जी हाय."

एरवी त्या आमच्यासारखंच शहरी बोलायच्या. राग आला की मात्र माळशिरस वर यायचं.

त्यांचं खरं काम बघावं ते घोरणाऱ्या लेकरांवर. लेकरू घोरलं की घरात सगळ्यांना हसू येतं. आजोबांवर गेलंय म्हणतात, गाढ झोपतंय म्हणतात. पण काही लेकरं झोपेत घोरता घोरता थांबतात. श्वासच थांबतो. मग दचकून, कूस बदलून पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच. कुणाच्या टॉन्सिल वाढलेल्या असतात, कुणाच्या नाकामागं मांस वाढलेलं असतं, कुणाची जीभ मागं पडते. नेमकं कुठं अडतंय ते बघायला नाकातून बारीक नळीचा कॅमेरा घालतात. आता ते बघायचं तर लेकरू झोपलेलं हवं, आणि नाकात नळी घेऊन कुठलं लेकरू झोपेल? म्हणजे औषधानं झोपवणं आलं. सगळी मेख तिथं आहे.

मॅडम आधी आईला गाठायच्या. "तुमचं लेकरू घोरतं कसं, करून दाखवा." आया लाजून चूर. नवरे हसायला लागले की मॅडम त्यांच्याकडं वळायच्या, "तुम्ही दाखवा मग. काय? झोपलेला असता? मग गप बसा." एकदा एका मुलाची आजी पुढं सरसावली आणि पदर खोचून असं घोरून दाखवलं, मधे दम कोंडून, मग घुसमटून उठून, की वॉर्डातल्या बाकीच्या आया घाबरल्या. मॅडमनी त्या आजीचा हात हातात घेतला. "निम्मं काम केलंत तुम्ही," म्हणाल्या. मॅडमच्या तोंडून कौतुक मी तेवढं एकदाच ऐकलं.

"आमचे आबा सांगायचे," त्या म्हणायच्या, "जित्राब झोपलेलं बघावं. जागं असताना समदीच धडधाकट दिसत्यात." आबा म्हणे मेंढरांच्या वाड्यात उभे राहून नुसती पोटं बघायचे आणि कोणतं कोकरू जगणार नाही ते सांगायचे. मॅडमचं तेच. बुटक्या स्टुलावर लेकराच्या डोक्याशी बसायच्या, दोन बोटं हनुवटीखाली, डोळे गळ्याच्या खळीवर. यंत्राचा आवाज बदलायच्या आधी त्यांचं बोट हललेलं असायचं.

आणि औषध. साहेबाला आवडायचं ते प्रोपोफॉल, ते दुधासारखं पांढरं औषध. शिरेत ढकललं की मिनिटाच्या आत लेकरू गार. मॅडमना लहान मुलांत आवडायचं ते दुसरं. त्याचं नाव लांबलचक, आम्ही डेक्स म्हणायचो. ते भसकन देता येत नाही. दहा मिनिटं थेंब थेंब सोडावं लागतं, नाडी मंदावते तिच्यावर डोळा ठेवावा लागतो. पण झोप येते ती खऱ्या झोपेच्या जवळची. मॅडम मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायच्या. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, ट्रे वाजवायचा नाही, मोबाईल तर नाहीच. साहेब बाजूला उभा राहून पाय हलवत राहायचा.

एकदा तो म्हणाला, "बाई, झोप ती झोप. दे की ते पांढरं, मोकळं कर मला."

मॅडम घड्याळावरून नजर न काढता म्हणाल्या, "बघायचंय काय आपल्याला? हे लेकरू रोज झोपेत कसं गुदमरतं ते. आपल्या औषधानं कसं गुदमरतं ते नाही. तुमचं ते पांढरं जास्त झालं की गळा सगळाच ढिला पडतो. चांगल्या लेकराची जीभसुद्धा मागं पडलेली दिसते. मग तुम्ही म्हणणार, जीभ कापा."

"म्हणजे मी खोटं ऑपरेशन करतो?"

"मी औषधाबद्दल बोलतेय," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला का लागलं?"

तेव्हापासून त्याच्या मनात होतं. डूख काही एकट्या मॅडमच धरायच्या नाहीत. फरक इतकाच की मॅडम समोरून धरायच्या.

आता ती गोष्ट. माझी नोकरी गेली त्याच्या आठ वर्षं आधीची. भवानी पेठेतली स्नेहा, वय पाच, यंत्रमागावर काम करणाऱ्या तेलुगू घरातली. आई श्रीदेवी विड्या वळायची. पोरगी झोपेत निळीकाळी व्हायची म्हणून नऊ वाजता नळीची तपासणी ठरली होती. त्या दिवशी साहेबाची यादी मोठी होती. साडेआठला पोरीनं वॉर्डात रडून गोंधळ घातला. साहेबाचा फोन आला.

"मंगल, त्या पोरीला झोपेचं सिरप पाज. ती बाई आली की दहा दहा मिनिटं खाणार. आपण आधीच निम्मी झोपवून ठेवू."

घोरणाऱ्या लेकराला वॉर्डात झोपेचं काहीही द्यायचं नाही, हा मॅडमचा नियम होता. औषधाच्या कपाटावर त्यांनी स्वतः लाल पेनानं लिहून चिकटवला होता. ह्या लेकरांचा घसा झोपेत आधीच मिटायला टपलेला असतो, त्यात औषधाची झोप घातली आणि बघायला कुणी नसलं की संपलं. मला हे पाठ होतं. मी त्या कागदासमोर उभी राहून कपाट उघडलं, सिरप मोजलं आणि पोरीला पाजलं. पोरीच्या केसपेपरवर लिहिलं, सही केली आणि दुसऱ्या पेशंटकडं गेले.

नवाला दहा कमी असताना मॅडम वॉर्डाच्या दारात आल्या. श्रीदेवी खिडकीशी पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. खुश होती बिचारी. "झोपली डॉक्टर," म्हणाली, "शांत झोपली."

मॅडमनी दारातूनच पोरीचे लोंबणारे पाय बघितले. नुकतं काढलेलं हेल्मेट हातातून सुटून फरशीवर गडगडत गेलं. पोरीला ओढून घेतलं, तिथंच जमिनीवर आडवं केलं, जबडा वर उचलला, माझ्याकडं न बघता हात मागं केला आणि मी श्वास द्यायचा रबरी फुगा दिला. ओठ जांभळे झाले होते. मॅडम फुगा दाबत होत्या आणि मोजत होत्या, मग घशात श्वासाची नळी घातली. श्रीदेवी भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. नखांना रंग आला तेव्हा मॅडमनी मान वर न करता विचारलं, "काय दिलंय हिला?"

मी तिथंच होते. हातभर अंतरावर.

मी काही बोलायच्या आत श्रीदेवी रडत म्हणाली, "रात्री जायफळ चाटवलं व्हतं ओ डॉक्टर. अत्तम्मा म्हणली, झोप लागंल पोरीला." अत्तम्मा म्हणजे तिची सासू. आपल्याकडं कुठल्या घरात जायफळ उगाळून लेकराला चाटवत नाहीत? पण साहेब तोवर दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं तो शब्द झेलला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं. सुटका.

पोरगी वाचली. तीन दिवसांनी खेळत घरी गेली. पण त्या आधी, त्याच दुपारी, त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. "ते पान नवीन लिही," म्हणाला. मी लिहिलं. सिरपची ओळ गाळून लिहिलं आणि जुनं पान फाडून संडासात टाकून पाणी ओतलं. हॉस्पिटलच्या कागदावर आलं ते असं: आईनं घरी जायफळ दिलं, भूलतज्ज्ञांनी आधी विचारपूस केली नाही. एका वाक्यात दोन बायका गेल्या. माझ्याकडं कारणं होती. नवरा आजारी होता, पोरी लहान होत्या. कारणं चोराकडंही असतात.

संध्याकाळी जिन्यात मॅडमनी मला थांबवलं. "मंगल, सिरप दिलंस का?"

"नाही मॅडम."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. माझ्या गळ्याच्या खळीकडं बघत राहिल्या, लेकरांकडं बघायच्या तशा. "बरं," म्हणाल्या आणि खाली उतरल्या. त्यांना कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं.

आठवड्यात त्यांना त्या हॉस्पिटलातून घालवलं. गाव लहान आहे, जायफळाची गोष्ट डॉक्टरांत चवीनं फिरली. वाघमोडे बाई विचारत नाही, डायरेक्ट भूल देते. लोक हसायचे. मॅडमना कुणी समोर म्हटलं तर त्या एकच सांगायच्या, "चिमूटभर जायफळानं लेकरं निळी पडली असती तर निम्मं सोलापूर निळं असतं." वकील लावा, म्हणाले काही जण. नाही लावला. "मला त्याची माफी नको," त्या म्हणायच्या. "त्यानं चारचौघांत सांगावं, सिरप होतं म्हणून. त्याशिवाय मी मरणार न्हाय."

आठ वर्षं लागली.

मॅडम आता छोट्या छोट्या दवाखान्यांत जाऊन भूल द्यायच्या. पिशवी, यंत्र, हेल्मेट, सगळं तेच. रस्त्यात दिसल्या तर मी थांबायचे. त्या थांबायच्या नाहीत. सिग्नलला एकदा अगदी शेजारी उभ्या राहिल्या, मी "मॅडम" म्हटलं, दिवा हिरवा झाला, गेल्या. त्या दवाखान्यांतल्या सिस्टरांकडून मला कळायचं ते एवढंच, की साहेबानं ज्या लेकरांना जिभेच्या मुळाचं ऑपरेशन सांगितलंय, त्यांतली घाबरलेली आईबापं आता दुसरं मत घ्यायला मॅडम भूल देतात त्या दवाखान्यांत जातात. मॅडम आधी विचारतात, तपासणीला कुठलं औषध दिलं होतं. मग तीच तपासणी पुन्हा, डेक्सवर, दहा मिनिटं घड्याळ ठेवून. दुसरा सर्जन नळी घालतो. बऱ्याचदा जीभ जागच्या जागी. नुसत्या टॉन्सिल. मॅडम आईबापांची सही घेऊन तपासणीची फिल्म जपून ठेवतात.

लोकांना वाटलं, हा सगळा लेकरांचा कळवळा. होता की. पण त्याच्या खाली दुसरंही काहीतरी शिजत होतं, आणि मला तर वास येत होता.

मग डॉक्टरांची ती सभा झाली. हॉटेलच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. साहेबाचं भाषण होतं, लहान मुलांच्या झोपेतल्या घुसमटीवर. खुर्च्या भरायला त्यानं आम्हा सिस्टरांना सुद्धा गाडीत घालून नेलं. त्यानं पडद्यावर फिल्म लावली. सहा वर्षांची मुलगी, जीभ मागं पडून गळा पूर्ण बंद. कोपऱ्यात मुलीचं नाव तसंच होतं, पुसायची तसदी त्यानं घेतली नव्हती. टाळ्या पडल्या.

मॅडम मधल्या रांगेतून उठल्या. मला त्या आल्यात हेही माहीत नव्हतं.

"ह्याच मुलीची दुसरी फिल्म माझ्याकडं आहे," म्हणाल्या. "तुमच्या तपासणीनंतर तीन आठवड्यांनी केलेली. लावू का?"

अध्यक्ष म्हातारे डॉक्टर होते, ते लावा म्हणाले. साहेबानं कुठलीही फिल्म दाखवली असती तरी तिची जोड मॅडमच्या पिशवीतून निघाली असती, इतकी तयारी होती. पडद्यावर तोच गळा. जीभ जागेवर. दोन्हीकडं सुपारीएवढ्या टॉन्सिल, श्वास अडतोय तो तिथं.

"पहिल्या वेळी कुठलं औषध दिलं होतं?" मॅडमनी विचारलं. "आणि किती मिनिटांत?"

साहेब हसला. हसून म्हणाला, "प्रत्येक भूलतज्ज्ञाचा हात वेगळा असतो. मॅडमचा हात तर आपण सगळ्यांनी बघितलाय. जायफळ कुणी विचारलं नव्हतं, आठवतंय ना?"

हॉल हसला. सगळा नाही, पण हसला. मॅडम तशाच उभ्या होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, मला खूण केली नाही, काही नाही. कदाचित मी तिथं आहे हे त्यांना ठाऊकही नसेल. पण त्या हसण्यानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी सांगते, तेव्हा मला पश्चात्ताप वगैरे झाला नव्हता. मला त्याचं ते हसू त्याच्या तोंडावरून ओरबाडून काढायचं होतं. मी उभी राहिले.

"जायफळ नव्हतं," मी म्हटलं. "झोपेचं सिरप होतं. मी पाजलं. ह्यांनी फोन करून पाजायला सांगितलं. वाघमोडे मॅडम तोवर हॉस्पिटलात आल्याही नव्हत्या. मी आधी खरं पान लिहिलं होतं, ते ह्यांनी मला बदलायला लावलं."

हॉलमध्ये सगळ्यांच्या माना मागं वळल्या. साहेब म्हणाला, "सिस्टर, बसा खाली." मी बसले नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि त्याला विचारलं, "खरं आहे का हे?"

तो नाही म्हणू शकला असता. पुरावा मी स्वतःच संडासात घातला होता. पण माणूस गोंधळला की खरं बोलून जातो. "त्या दिवशी लिस्ट मोठी होती," म्हणाला.

बास. एवढंच. मॅडम खाली बसल्या. फिल्म काढून पिशवीत घातली, हेल्मेट उचललं आणि चहाच्या आधीच निघून गेल्या. चहाला साहेबाजवळ कुणी उभं राहिलं नाही. तो एकटाच बिस्कीट धरून उभा होता आणि मला, खोटं कशाला सांगू, इतकं बरं वाटलं की मी दोन कप चहा घेतला. पुढं हळूहळू लोकांनी त्याच्याकडं लेकरं पाठवणं बंद केलं. हॉस्पिटल आहे अजून, नळीचा तो कॅमेरा मात्र खोक्यात पडून आहे म्हणतात.

मला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी मी मॅडमकडं गेले. खरं सांगते, शाबासकी घ्यायला गेले होते. वाटलं होतं, पाठीवर हात ठेवतील, उद्यापासून माझ्याबरोबर ये म्हणतील.

एका छोट्या दवाखान्यात त्यांची केस चालू होती. घड्याळ टेबलावर, लेकरू नुकतं डोळे मिटत होतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि बोटानं भिंतीकडं खूण केली. मी दहा मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. केस संपली, लेकरू जागं होऊन रडलं, आईच्या मांडीवर गेलं. मग मॅडम हात धुवायला आल्या.

"मॅडम," मी म्हटलं, "झालं की आता सगळं."

"त्याचं झालं," त्या म्हणाल्या. "तुझं ऱ्हायलंय."

"माझं काय?"

त्यांनी हात पुसले. "तू सांगितलंस ते डॉक्टरांना. माझं नाव धुतलंस, बरं केलंस. ती बाई कुटं हाय? ती काय डॉक्टरांच्या सभेला येती व्हय?"

मला खरंच आधी कळलं नाही कोण ते. ह्याचीच आज मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. आठ वर्षं मी मॅडमच्या नावानं झुरले, पण श्रीदेवीचा विचार एकदासुद्धा मनात आला नव्हता. मॅडमनी मला स्कूटरवर मागं बसवलं. भवानी पेठेत एका गल्लीच्या तोंडाशी थांबल्या, इंजिन बंद केलं.

"डाव्या हाताचं चौथं घर," म्हणाल्या.

"तुम्ही नाही येणार?"

"मला काय सांगायचंय? मला तर जिन्यातच कळलं व्हतं."

गल्लीत मागांचा खडखडाट चालू होता. श्रीदेवी दारातच बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. मला ओळखलं तिनं. उठायला लागली, या सिस्टर, पाणी आणते म्हणाली. मी पाणी नको म्हटलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सिरपचं, फोनचं, पानाचं.

ती विडी वळत होती ती तिनं पुरी वळली, दोरा बांधला.

"जायफळानं न्हवतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"जरापण?"

"जरासुद्धा नाही. तुमची काही चूक नव्हती."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आत तोंड करून हाक मारली, "अत्तम्मा." सासू आली, कमरेत वाकलेली, कानानं कमी. ह्याच सासूनं जायफळ द्यायला सांगितलं होतं आणि मग, हे मला तिथंच कळलं, आठ वर्षं गल्लीला सांगितलं होतं, मी नुसतं कपाळाला लाव म्हटलं, हिनं पोरीला पाजलं, पोरीच्या जिवावर उठली होती. श्रीदेवी म्हणाली, "सांगा. मोठ्यानं सांगा, तिला ऐकू येत न्हाय." मी मोठ्यानं सांगितलं. म्हातारी पदर तोंडाला लावून आत गेली.

मला वाटलं, सुटले. तर श्रीदेवीनं माझं मनगट धरलं. विड्या वळून वळून तिच्या बोटांना ताकद आली होती. मला ओढत शेजारच्या दारात नेलं. तिथली बाई भाकऱ्या थापत होती. "हिला सांगा," श्रीदेवी म्हणाली. मी सांगितलं. मग त्याच्या पुढचं घर. मग समोरचं. एका ठिकाणी मागाचा आवाज फार होता, तर तिनं माग बंद करायला लावला आणि मग मला म्हणाली, "आता सांगा." ती रडली नाही, मला शिवी दिली नाही. प्रत्येक दारात तेवढंच, "हिला सांगा," आणि मी सांगायचे. सुरुवातीला साहेबाचं नाव आधी घ्यायचे. चौथ्या-पाचव्या घरानंतर मी आधी माझंच नाव घ्यायला लागले.

सातव्या दारात असताना गल्लीतून शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आली. तेरा वर्षांची, उंच, दोन वेण्या. आईनं माझा हात धरलेला बघून थांबली. "अम्मा, ह्या कोण?"

"ह्या सिस्टर," श्रीदेवी म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "सांगा हिला."

त्या पोरीसमोर मात्र मी तिच्या दप्तराकडं बघत राहिले. श्रीदेवी थांबून राहिली. घाई केली नाही तिनं. शेवटी मी सांगितलं. पोरगी मला नीट बघत राहिली, मग आईला म्हणाली, "म्हणजे आजी खोटं बोलायची," आणि दप्तर घेऊन घरात गेली.

मी गल्लीच्या तोंडाकडं बघितलं. मॅडम अजून तिथंच होत्या. स्कूटरवर बसलेल्या, एक पाय जमिनीला टेकवलेला, डोक्यावर हेल्मेट. पहिल्या दारापासून सगळं बघत होत्या. आमची नजरानजर झाली असेल, नसेल, हेल्मेटच्या काचेतून कळलं नाही. मग त्यांनी किक मारली, स्कूटर वळवली आणि मला तिथंच सोडून निघून गेल्या. त्यानंतर मी मॅडमना पाहिलं नाही.

मी म्हटलं, "श्रीदेवी, झाली की सगळी गल्ली."

तिनं मनगट सोडलं नाही. "मागची गल्ली ऱ्हायलीय," म्हणाली. "चला."